सात नंबरच्या मागे

“पण आत कोणी नसताना हाक मारायची कशाला, मामा?”

दस्तगीरमामा बशीत चहा ओतत होते.

“बारा किल्ल्या, बारा खिळे. बाराही किल्ल्या खिळ्यांवर आल्या म्हणजे सगळी माणसं बाहेर आली. मग चाळीस मिनिटं ओरडत फिरायचं ते कुणासाठी?”

मामा बशी फुंकत राहिले.

हे बोलणं झालं सोमवारी. विचारणारा अमोघ टिपरे, आमच्याकडे वर्षभरापूर्वी लागलेला इंजिनिअर. हुशार, आणि आपण हुशार आहोत हे स्वतः विसरत नाही, दुसऱ्यालाही विसरू देत नाही, अशातला. मी त्याच प्रयोगशाळेत थंड पाण्याच्या पंपांवर आहे. पुढचं काही मी डोळ्यांनी पाहिलं, काही अमोघनेच नंतर सांगितलं. मामांनी कधीच काही सांगितलं नाही.

आमची प्रयोगशाळा माळावर आहे. जमिनीखाली गोल बोगदा, सहाशे मीटरचा. त्यात लोहचुंबकांची सोळा ठाणी आणि त्यांच्या मधून जाणारी एक नळी. त्या नळीत इलेक्ट्रॉन पळवतात. कशासाठी, ते शास्त्रज्ञांना विचारा. ते फळ्यावर काढून दाखवतील, आणि कळलं नाही तर प्रेमाने पुन्हा दाखवतील. आम्ही सपोर्ट स्टाफ. कोणी पंप बघतो, कोणी केबल, कोणी एसी. शोध लागला की त्यांचं नाव, वीज गेली की आमचं.

यंत्र चालू असताना बोगद्यात माणूस असता कामा नये. असला तर त्याला काही दिसत नाही, काही भाजत नाही. तो आपल्या पायांनी चालत बाहेर येतो, जेवतोसुद्धा. किरणांनी जे व्हायचं ते नंतर होतं.

म्हणून किल्ल्या. आत जाणाऱ्याने दारापाशी फळीवरची एक किल्ली काढायची, रजिस्टरात नाव लिहायचं, किल्ली खिशात ठेवायची. एक माणूस, एक किल्ली. फळीवरचा एक जरी खिळा रिकामा असला तरी वर कंट्रोल रूममध्ये कितीही बटणं दाबा, यंत्र चालू होत नाही.

आणि त्यावरही एक फेरी. सगळे बाहेर आले की एकाने आत जायचं, प्रत्येक ठाण्यामागे वाकून पाहायचं, ‘आत कोणी आहे का?’ अशी हाक द्यायची, थांबायचं, मग तिथलं हिरवं बटण दाबायचं. सोळा बटणं झाली की बाहेर येऊन दार लावायचं.

एकतीस वर्षं ही फेरी दस्तगीर मुलाणी करत आले. मिरजेकडचा माणूस, शिक्षण आयटीआय, पायात कॅनव्हासचे बूट. हाक दिल्यावर ते कानामागे हात धरून इतका वेळ उभे राहत, की नव्या पोरापोरींना हसू आवरायचं नाही. साहेबलोकांना घाई असायची. मामांना कधी घाई झालेली कोणी पाहिली नाही.

अमोघने त्या फेरीवर सतरा पानांचा प्रस्ताव लिहिला होता. चाळीस मिनिटांची फेरी बारा मिनिटांत. हाक बंद, थांबणं बंद. रोजची अठ्ठावीस मिनिटं वाचली की वर्षात किती तास प्रयोगाला मिळतील, याचा रंगीत आलेख. प्रस्ताव वरपर्यंत पोचला. गुरुवारी समिती येणार होती, आणि अमोघ त्यांच्यासमोर घड्याळ लावून फेरी करून दाखवणार होता. त्याची नोकरी कायम व्हायची की नाही, हेही त्याच आठवड्यात ठरणार होतं.

सोमवारी चहा संपवून मामा एवढंच म्हणाले, “हाक मारल्यावर थांबून बघितलंस का कवा?”

“थांबून काय होणार? उत्तर तर येतच नाही.”

“न्हाईच येत.”

“मग?”

मामांनी बशी विसळली.

*

गुरुवारी अमोघ पांढराशुभ्र शर्ट घालून आला. खिशाला बाबांनी दिलेलं शाईचं पेन.

अकरा वाजून बावीस मिनिटांनी तो बोगद्यातून बाहेर आला. मनगटावरचं घड्याळ मामांपुढे धरलं. अकरा मिनिटं, पन्नास सेकंद.

मामांनी मान हलवली. अमोघने आपली सहा नंबरची किल्ली खिळ्यावर अडकवली, दोरीला बांधलेल्या बॉलपेनने रजिस्टरात सही केली, आणि दार लावलं. बाराही खिळे भरले. फळीवरचा दिवा हिरवा झाला.

वर समिती बसली होती. कर्णिक मॅडम, म्हणजे यंत्राच्या प्रमुख, स्वतः कंट्रोल रूममध्ये होत्या. आता भोंगा होणार. पाच मिनिटं भोंगा, बोगद्यात पिवळे दिवे, आणि मग यंत्र चालू.

अमोघ मामांशेजारच्या स्टुलावर टेकला.

भोंगा सुरू झाला.

तो आपला भोंगा ऐकत बसला होता. आणि ऐकता ऐकता तो मामांकडे वळला.

“मामा…”

“हं.”

“सात नंबरच्या मागे मी वाकून पाहिलं का?”

मामांनी त्याच्याकडे पाहिलं. मग त्याच्या खिशाकडे पाहिलं. खिशाच्या तळाशी गव्हाच्या दाण्याएवढा निळा ठिपका होता.

“मी हितं बसलो होतो,” मामा म्हणाले.

“बटण दाबलं. ते नक्की दाबलं, नाहीतर दिवा हिरवा झालाच नसता. सहाच्या मागे पाहिलं, तिथे वायरचं भेंडोळं होतं, ते आठवतंय. आठच्या मागे एक हातमोजा पडलाय, तोही आठवतोय. सातचं… सातचं मला घड्याळच आठवतंय फक्त. चार मिनिटं, चाळीस सेकंद.”

अमोघने किल्ल्या मोजल्या.

“पण सगळ्या किल्ल्या आल्यात,” अमोघ म्हणाला. तो स्वतःलाच सांगत होता.

“आल्यात.”

“म्हणजे आत कोणी नाही.”

“किल्ल्या आल्यात,” मामा म्हणाले.

अमोघच्या कपाळावर घाम आला. दाराबाहेर एसीचा इतका गारठा असतो, की मामा बाराही महिने तिथे स्वेटर घालून बसतात.

“मामा, सिद्राम बाहेर आला का?”

“कोण सिद्राम?”

“रंगारी. कंत्राटदाराचा. पिवळे आकडे रंगवतो तो.”

मामांनी रजिस्टर पुढे ओढलं. बोट ठेवून एकेक ओळ वाचली. घाई नाही.

“ह्यात न्हाई सिद्राम.”

अमोघ रजिस्टरातल्या स्वतःच्या नावाकडे बघत राहिला.

“जो आत गेलाच न्हाई,” मामा म्हणाले, “तो भाईर कसा येईल?”

*

झालं होतं ते असं. समितीला बोगदा दाखवायचा म्हणून ठाण्यांवरचे पुसट झालेले आकडे रंगवायला घेतले होते. बुधवारी संध्याकाळपर्यंत पंधरा झाले, एक राहिला. सात. गुरुवारी सकाळी सिद्राम डबा-ब्रश घेऊन हजर. पण बाहेरच्या माणसाला किल्ली द्यायची तर तीन सह्या लागतात, आणि त्यातली एक सही करणारे साहेब समितीला आणायला स्टेशनवर गेले होते.

एका आकड्यासाठी तीन सह्या. अमोघने आपली किल्ली काढली, रजिस्टरात आपलं नाव लिहिलं, आणि मामा चहा आणायला उठले तेवढ्यात सिद्रामला आत नेलं. एका किल्लीवर दोघे. अर्ध्या तासाचं काम. ‘झालं की पलीकडच्या दाराने निघून जा,’ असं त्याला सांगितलं, आणि अमोघ आपल्या तयारीला लागला.

आमच्याकडे ही चूक करणारा अमोघ पहिला नव्हता. पण ती करून वर घड्याळ लावणारा पहिलाच.

पलीकडचं दार आतून ढकललं की उघडतं, बाहेर नोंद नाही की माणूस नाही. सिद्राम निघून गेला असणार. शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा गेलाच असणार.

पण सिद्रामला डाव्या कानाने अजिबात ऐकू येत नाही, आणि उजव्याने जेमतेम. आणि सिद्राम पहाटे पाचला उठून एसटीने येतो, आणि काम झालं की जिथे सावली, जिथे गारवा, तिथे आडवा होतो. एकदा तो माझ्या पंपहाउसमध्ये, तीन पंप चालू असताना, घोरत पडलेला मी पाहिलाय. सात नंबरच्या मागे केबलच्या जाळीखाली एक माणूस निजेल एवढा कोनाडा आहे. बोगद्यात सगळ्यात गार जागा तीच.

पिवळे दिवे त्या कोनाड्यातून दिसत नाहीत. यंत्र थांबवायची लाल बटणं आत जागोजागी आहेत. पण ती जागा असलेल्या माणसासाठी आहेत.

*

“मामा, काय करू?”

भोंगा चालू होता. दोन मिनिटं झाली असतील.

मामा फळीकडे बघत होते. अमोघही बघायला लागला. बारा किल्ल्या. त्यातली कुठलीही एक उचलली की सगळं थांबणार. एवढं सोपं.

आणि उचलली की वरून फोन येणार. का उचलली? मग सात नंबर निघणार, मग सिद्राम, मग एका किल्लीवर दोघे. समितीसमोर. सतरा पानं, रंगीत आलेख, कायम नोकरी, सगळं त्या एका खिळ्यावर. आणि बाबा. बाबांनी चाळीभर पेढे वाटले होते.

“तो गेला असेल, मामा.”

“असेल.”

“मी वाकलोही असेन. सवयीने. माणूस वाकतो आणि लक्षात राहत नाही, असं होतं की नाही?”

“होतं.”

“मग उगाच…”

मामांचे डोळे फळीवरच होते.

“तुम्ही काहीतरी सांगा ना…”

“काय सांगू? तुला कळंना तू बघितलंस का न्हाई. मला कसं कळंल?”

तीन मिनिटं.

अमोघने हात उचलला. तो किल्लीपर्यंत गेला नाही. गुडघ्यावर आला, तिथून पुन्हा उचलला गेला, आणि पुन्हा खाली आला. मला त्याने नंतर सांगितलं, की त्या वेळी त्याला सिद्रामचं तोंड आठवेना. किती प्रयत्न केला तरी फक्त रंगाने माखलेली बोटं आठवत होती. त्याला स्वतःचीच भीती वाटली. एखाद्याचं तोंडही आठवू नये, इतकं आपण त्याला पाहिलं नव्हतं का, असं त्याच्या मनात आलं.

चार मिनिटं.

दस्तगीरमामा उठले. गुडघे कडाकडा वाजले. त्यांनी फळीवरची एक नंबरची किल्ली काढली, स्वेटरच्या खिशात टाकली, आणि परत येऊन बसले.

भोंगा थांबला.

फळीवरचा दिवा लाल झाला. तळघरात इतकी शांतता झाली की माझ्या पंपांचा घुमारा तिथवर ऐकू यायला लागला.

मामांनी बशीत चहा ओतला.

फोन वाजला.

*

तळघरातला फोन जुना आहे, त्यातला आवाज हातभर लांबही ऐकू येतो. आणि वरच्या फोनला स्पीकर आहे, तो समितीच्या टेबलावर होता.

“मामा? एक नंबर कोणी काढली?”

“मी.”

“तुम्ही आत आहात?” कर्णिक मॅडमचा आवाज चढला होता.

“न्हाई. भाईर हाय. चा पितोय.”

“चहा… मामा, इथे समिती बसली आहे. अर्धं मिनिट राहिलं होतं. तुम्ही बाहेर आहात, तर आत कोण आहे?”

मामांनी रिसीव्हर अमोघपुढे धरला.

अमोघने तो घेतला नाही. मामांनी हात मागे घेतला नाही. म्हातारा हात, तरी जरा हलला नाही.

“हॅलो? आत कोण आहे?”

अमोघने रिसीव्हर घेतला.

“मॅडम, मी अमोघ…” “आत कोण आहे ते मला माहीत नाही.”

“म्हणजे? फेरी तू केलीस ना?”

“केली. सात नंबरच्या मागे पाहिलं की नाही, ते आठवत नाही. आणि सकाळी मी रंगाऱ्याला माझ्या किल्लीवर आत नेलं होतं. त्याची नोंद नाही. तो बाहेर आलेला मी पाहिलेला नाही.”

वर कोणीतरी खुर्ची मागे सरकवली. तोही आवाज आला.



“पुन्हा फेरी करा,” मॅडम म्हणाल्या. “मामांबरोबर जा. मी रंगाऱ्याला बाहेर शोधायला सांगते.”

फोन बंद झाला.

मामांनी उरलेला चहा संपवला. अमोघ दारापाशी उभा राहून तडफडत होता.

“चला ना, मामा.”

“किल्ली,” रजिस्टरात आपलं नाव लिहीत मामा म्हणाले.

अमोघ परत आला, आपली सहा नंबरची किल्ली काढली, रजिस्टरात नाव लिहिलं. अक्षर वेडंवाकडं आलं.

*

एक नंबरपाशी मामा वाकले, मागे पाहिलं, खाली पाहिलं.

“आत कोणी हाय का?”

बोगद्यात हाक गेली, वळली, परत आली. मामा कानामागे हात धरून उभे.

“मामा, सातला जाऊ ना आधी. सरळ सातला.”

मामांनी हाताने ‘थांब’ अशी खूण केली. ऐकलं. बटण दाबलं. दोन नंबर.

“आत कोणी हाय का?”

“त्याला ऐकू येत नाही, मामा.”

“मला येतंय नव्हं.”

दोनचं थांबणं त्याला तासासारखं गेलं. तीनला त्याला स्वतःच्या छातीतले ठोके ऐकू आले. चारला मामांचा श्वास, आणि कुठल्याशा नळातला पाण्याचा बारीक आवाज. पाचला कुठेतरी दूर काहीतरी खसफसलं, आणि अमोघ तसाच धावत सुटणार होता. मामांनी त्याचा दंड धरला. ते एसीच्या झडपेचं पत्र्याचं पान होतं.

एक वर्ष तो या बोगद्यात ये-जा करत होता. झडपेला पान आहे हे त्याला त्या दिवशी कळलं.

सहा नंबर. वायरचं भेंडोळं तिथेच होतं.

सात.

आकडा रंगवून पुरा झाला होता. पिवळाधमक, अजून ओला. डबा नव्हता, ब्रश नव्हता. पण सिद्राम डबा उशाशी घेऊन निजतो.

मामा बाजूला झाले. “तू बघ.”

अमोघ गुडघ्यांवर बसला. जाळीखाली डोकं घातलं. टॉर्च लावायला दोनदा बटण चुकलं.

कोनाडा रिकामा होता.

त्याने हात आत घालून चाचपलं, रिकामी जागा डोळ्यांना दिसत होती तरी. गार फरशी. धूळ. आणि बोटांना काहीतरी लागलं. गुळगुळीत, गोल, लहान.

पेनाचं टोपण. निळं. त्यावर त्याच्या नावाचं आद्याक्षर कोरलेलं.

अमोघने खिशाकडे पाहिलं. पेन होतं, टोपण नव्हतं. मघाचा ठिपका तळहाताएवढा झाला होता.

तो तसाच बसून राहिला. म्हणजे तो इथे वाकला होता. नुसता वाकला नव्हता, पार आत डोकं घातलं होतं, तेव्हा पेन पडलं होतं, ते उचलून त्याने खिशात ठेवलं होतं. आणि यातलं काही, काहीही, त्याला आठवत नव्हतं.

“मामा, मी पाहिलं होतं…”

मामा हाक देत होते. “आत कोणी हाय का?”

थांबले. ऐकलं.

“मामा, हे बघा, टोपण. मी पाहिलं होतं. आता बाहेर जाऊ. मॅडमना सांगू.”

“आठ ऱ्हायलं.”

“पण सातला कोणी नाही हे…”

“सातला न्हाई,” मामा म्हणाले, आणि आठकडे चालायला लागले.

सोळाही ठाणी झाली. चाळीस मिनिटांवर तीन मिनिटं गेली.

*

दाराबाहेर मामांच्या स्टुलावर सिद्राम बसला होता. डबा पायाशी, हातात कॅन्टीनची भजी. दोघांना बाहेर येताना पाहून तो उठून उभा राहिला.

“कुणाला शोधायलाव, मालक?”

“तुला,” मामा मोठ्याने म्हणाले.

“मला?” सिद्रामला नवल वाटलं. “मी तर कवाच गेलो की तिकडच्या दारानं. हे मालकच म्हणले हुते तसं.” त्याने भज्यांचा कागद पुढे केला. “घ्या की. गरम हायती.”

अमोघने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. गालावर देवीचे वण होते, डाव्या भुवईत एक पिवळा शिंतोडा. अमोघ त्या तोंडाकडे इतका वेळ बघत राहिला की सिद्रामला अवघडल्यासारखं झालं. त्याने एक भजं मामांच्या हातावर ठेवलं आणि तो निघून गेला.

फोन वाजला. मॅडम थोडक्यात बोलल्या. समिती जेवायला गेली आहे. यंत्र दोन वाजता चालू होईल. प्रस्ताव परत आला आहे. अमोघने झालेला प्रकार लेखी द्यायचा, आजच. बाकीचं नंतर ठरेल.

अमोघने रिसीव्हर ठेवला.

तो वाईट भडकला. भीती उतरली की राग चढतो, तसं झालं. आणि राग काढायला समोर एकच माणूस होता.

“सगळं बरोबर होतं, मामा,” तो म्हणाला. “मी वाकलो होतो. मी पाहिलं होतं. सिद्राम बाहेर होता, भजी खात होता. तुम्ही किल्ली काढली नसती तर काहीही झालं नसतं. काहीही!”

“न्हाई झालं असतं,” मामा म्हणाले.

“माझं वर्ष गेलं. कदाचित नोकरी गेली.”

“कदाचित.”

“आणि कशासाठी?” अमोघने टोपण टेबलावर आपटलं. ते घरंगळत मामांच्या बशीपाशी गेलं. “आत कोणीच नव्हतं!”

मामांनी टोपण उचललं. स्वेटरला पुसलं. मग हात लांब करून अमोघच्या डागाळलेल्या खिशातलं पेन काढलं, त्याला टोपण बसवलं, आणि पेन परत खिशात ठेवलं. लहान मुलाचं बटण लावावं, तसा त्यांनी खिसा वरून थोपटला आणि हात तिथेच, अमोघच्या छातीवर ठेवला.

“होता की एक,” दस्तगीरमामा म्हणाले. “त्याच्यासाठीच तर किल्ली काढली.”